चॅनेल ३१, ३२

लाइव्ह अल्बम काढावा का, हा प्रश्न साध्या रॉक बँडला पडतो तेव्हा तो पैशांचा असतो, फार तर अहंकाराचा. ख्रिस्ती रॉक बँडला पडला की त्यात पाळकसाहेब येतात, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे येतात, मत्तयाचं शुभवर्तमान येतं, आणि सगळ्यांचं बोलून झालं की मिक्सिंग करणाऱ्या मामाला विचारतात, ‘तुला काय वाटतं?’ तो मामा मी. मला जे वाटतं ते व्हॉट्सअॅपवर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

भाच्याचा बँड पाच जणांचा. भांडुप, चेंबूर, वसई अशी विखुरलेली पोरं. दोघं बँकेत आहेत, कीबोर्डवाली शाळेत शिकवते, एक अजून शिकतोय, आणि भाचा नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. गातात मराठीत. स्वतःची गाणी आहेत, आणि ना. वा. टिळकांचे अभंग इलेक्ट्रिक गिटारवर घेतात. नाताळच्या आधी एका शनिवारी भायखळ्याच्या बाजूला एका चर्चच्या आवारात त्यांनी कार्यक्रम केला. ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर होता. त्याला लॅपटॉप जोडून प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर उतरवून घेतला. ती हार्ड डिस्क माझ्याकडे आली, कारण मी नाटकांचं आणि जाहिरातींचं साउंड करतो आणि पैसे मागत नाही.

बँडमध्ये दोन तट आहेत. कीबोर्डवालीला अल्बम काढायचाच आहे. ड्रमरला अजिबात नको, कारण तिसऱ्या गाण्यात त्याच्या हातून लय पळाली आणि ती आता कायमची पळालेली राहील, असं त्याला वाटतं. मंडळीतल्या एका वडिलांनी सांगितलं, दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, तेव्हा काढा. दुसऱ्यांनी लगेच ऐकवलं, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. तेव्हा काढू नका. दोन्ही वचनं एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली, मध्ये अंतर एका अध्यायाचं. पाळकसाहेबांनी दोघांनाही मान डोलावली आणि निघताना भाच्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘काढलात तर माझी प्रार्थना पूर्ण ठेवणार ना?’

रॉक चर्चमध्ये चालतं का, हा वाद मी इथे उगाळणार नाही. ख्रिस्ती रॉकच्या पहिल्या गायकांपैकी लॅरी नॉर्मनचा पहिला एकल अल्बम १९६९ साली आला, त्याला अर्धशतक उलटून गेलं. ‘हे परकं आहे’ म्हणणाऱ्या आमच्या जुन्या मंडळींसमोर जी पेटी असते, तीसुद्धा १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली आणि मिशनऱ्यांच्या सामानातून इकडे आली. आता तिच्याशिवाय उपासना सुनी वाटते. गिटारचंही तेच होईल. ड्रमरांना तर स्तोत्र १५० मधल्या मोठ्या आवाजाच्या झांजा तोंडपाठ असतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न वेगळा आहे. गाणी स्टुडिओत नीट करता येत असताना त्या एका रात्रीचा आवाज विकायला का काढायचा?

अमेरिकन सोल गायक जेम्स ब्राउनला हाच प्रश्न त्याच्या कंपनीच्या मालकाने विचारला होता. जी गाणी लोकांनी आधीच विकत घेतलीत ती पुन्हा टाळ्या-शिट्ट्यांसकट कोण घेणार? १९६२ च्या ऑक्टोबरात ब्राउनने स्वतःचे पैसे घालून न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम रेकॉर्ड केला. रेकॉर्ड पुढच्या वर्षी निघाली आणि तिने त्याला मोठं केलं. ती ऐकताना कळतं की समोरच्या बायकांच्या किंकाळ्या हे त्यातलं दुसरं वाद्य आहे. त्या वगळून ऐका, निम्मं गाणं जातं. लाइव्ह अल्बम कशासाठी, याचं मला पटलेलं उत्तर एवढंच: समोरच्या माणसांशिवाय जे गाणं अपुरं आहे, त्याचाच काढावा.

या कसोटीवर चर्चच्या गाण्याएवढं खरं दुसरं काही उतरत नाही. ते मुळात ऐकवण्यासाठी नसतंच, सगळ्यांनी म्हणायचं असतं. आपल्याकडे तर ही रीत फार जुनी. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्या लोकांसमोर म्हटल्या जाव्यात म्हणून रचलेल्या. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे उभं राहून ख्रिस्ती कीर्तनं केली. अभंग रचले ते टाळ धरून म्हणता येतील असे. आमच्या ‘उपासना संगीत’मध्ये त्यांची गाणी आहेत आणि माझ्या आईच्या पिढीला त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. या गाण्यांना श्रोता नावाचा माणूसच ठाऊक नाही. स्टुडिओत काचेमागे हेडफोन लावून एकट्याने ती म्हटली की सूर शुद्ध लागतात, पण गाणं उपाशी राहतं.

चर्चमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगचा विषय निघाला की मी पोरांना अरेथा फ्रँकलिनचं ‘अमेझिंग ग्रेस’ ऐकवतो. १९७२ च्या जानेवारीत तिने लॉस एंजेलिसच्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गाऊन तो अल्बम केला. पाळकाची लेक, सोल संगीताची सम्राज्ञी झालेली, आणि परत आली ती स्टुडिओत नाही, बाकांवर बसलेल्या माणसांत. सोबत रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि कॉयर. तो तिचा सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याची दुसरी गोष्ट जास्त चटका लावते. दिग्दर्शक सिडनी पोलॅकने त्या दोन्ही रात्रींचं चित्रीकरण केलं होतं, पण शॉटच्या सुरुवातीला क्लॅपच मारली नव्हती. चित्र आणि आवाज जुळवायला खूणच नाही. तो चित्रपट २०१८ मध्ये पडद्यावर आला. म्हणजे सेहेचाळीस वर्षं लोकांनी त्या चर्चमधली गर्दी फक्त कानांनी पाहिली, आणि त्यांना ती दिसली.

आता हार्ड डिस्ककडे येतो.

पहिले तीस चॅनेल बँडचे. किक, स्नेअर, टॉम, झांजा, बास, दोन गिटार, कीबोर्ड, पाच गळे, वगैरे. ३१ आणि ३२ वर दोन माइक मंचाच्या दोन टोकांना, लोकांकडे तोंड करून लावलेले. पोरांनी ते लावले हेच नवल, कारण बहुतेक बँड गर्दीला माइक द्यायला विसरतात आणि मग मिक्सिंगच्या वेळी इंटरनेटवरून टाळ्या शोधत बसतात.

टिळकांचा एक अभंग बँडने जोरकस रॉक तालात बसवलाय. १२० ची लय, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. ते गाणं मी आधी फक्त बँडच्या चॅनेलवर ऐकलं. ठीक होतं. मग ३१, ३२ उघडले आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. खाली पुढच्या रांगांत महिला मंडळ बसलेलं. त्यांना हा अभंग लहानपणापासून पाठ, त्यांच्या चालीत, त्यांच्या संथ गतीत. पोरं मंचावर धावताहेत आणि बायका खाली त्यांच्या जागच्या हलायला तयार नाहीत. ओळीच्या शेवटी त्या सूर लांबवतात, तेवढ्यात गिटार पुढच्या ओळीत शिरलेली असते. दुसऱ्या कडव्यात भाच्याच्या ते लक्षात आलं असावं. तो ओळ सुरू करायला थांबला. ड्रमर थांबला नाही, तो तालाला बांधलेला. तिसऱ्या कडव्यात मात्र सगळा बँडच किंचित मागे सरकलाय, आणि बायका किंचित पुढे. कुणी कुणाला खूण केलेली नाही. ताल ११६ च्या आसपास येऊन टेकला.

ड्रमर ज्या ‘पळालेल्या’ लयीबद्दल कुरकुरतोय ती हीच. पळालेली नाही, उलट मागे आलेली आहे. बोलावल्यावर माणूस येतो तशी.

गर्दी मागे पडते याचं निम्मं कारण भक्तीचं नसून हवेचं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मंचापासून तीस मीटरवर बसलेल्या माणसाला ड्रमचा ठोका सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याने उशिरा पोचतो. तो त्या ठोक्यावर अचूक गातो, आणि त्याचा आवाज मंचावरच्या माइकपर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. दोन्ही मिळून एकषष्ठांश सेकंद, १२० च्या लयीत मात्रेचा तिसरा हिस्सा. म्हणून कुठल्याही मोठ्या मैदानातली गर्दी रेकॉर्डिंगमध्ये ओढत गाते. संगणकावर तो ट्रॅक पुढे सरकवता येतो, आणि मी सरकवणार आहे. पण अंतर मोजून, जेवढा उशीर हवेमुळे झाला तेवढाच. महिला मंडळ जेवढं मुळातच मागे होतं तेवढं मागेच राहील. हवेचा दोष काढायचा, आजीचा नाही.

इथून खरं भांडण सुरू झालं.

कीबोर्डवालीने यादी पाठवली. दुसऱ्या गाण्यात तिचा कॉर्ड चुकलाय, तो परत वाजवून बसवायचा. पाचव्यात भाच्याचा वरचा सूर उतरलाय, तो सॉफ्टवेअरने चढवायचा. शेवटी ‘गर्दी थोडी मोठी करता येईल का, काका?’ गर्दी तीनशेची होती. तिला तीन हजार करणं मला चहा पिता पिता जमतं.

ती चुकीचं काही मागत नव्हती. जगात असंच चालतं. थिन लिझीचा १९७८ चा लाइव्ह अल्बम रॉकमधल्या उत्तम लाइव्ह अल्बमांत गणतात, आणि त्यातलं किती मंचावरचं, किती नंतर स्टुडिओत वाजवलेलं यावर निर्माता एक सांगतो आणि बँडचा मॅनेजर दुसरंच. ऐकणाऱ्यांचं काही अडत नाही. यू टूचा १९८३ चा लाइव्ह अल्बम घ्या. मुखपृष्ठावर कोलोरॅडोचं रेड रॉक्स आहे, पण आतली निम्म्याहून जास्त गाणी जर्मनीतली. शेवटचं, ज्यात चाळिसाव्या स्तोत्रातल्या ओळी आहेत आणि वाद्यं थांबल्यावरही गर्दी गात राहते, तेही जर्मनीतलंच. त्या गर्दीत किती जणांना आपण दाविदाचं स्तोत्र म्हणतोय हे ठाऊक होतं, कोण जाणे. पण गर्दी खरी होती. रात्र बदलली तरी चालेल, माणसं खरी हवीत.

भाच्याच्या बँडची अडचण अशी की ते मंचावरून साक्ष देतात. दोन गाण्यांच्या मध्ये एक जण पुढे येतो आणि माझ्या आयुष्यात असं घडलं असं सांगतो. लोक ऐकतात ते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून. त्याच रेकॉर्डिंगमध्ये, त्या साक्षीच्या आधी आणि नंतर, जर मी न चढलेला सूर चढवला, न आलेली माणसं बसवली, न उच्चारलेलं ‘आमेन’ इकडून उचलून तिकडे चिकटवलं, तर मधल्या माणसाच्या शब्दाची किंमत काय राहिली? साध्या बँडने हे केलं तर ती सजावट असते. कोर्टात साक्षीदाराने एक गोष्ट रंगवून सांगितलेली उघड झाली की वकील पुढचं ऐकूनच घेत नाही. मी कीबोर्डवालीला एवढंच लिहिलं, ‘तुझा कॉर्ड चुकलाय हे मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. राहू दे.’ तिने अंगठा दाखवला, रागाचा की होकाराचा ते इमोजीवरून कळत नाही.

याला जोडून एक गोष्ट भाच्याला आवडली नाही, तीही इथे सांगतो. चार गाण्यांत त्यांनी लॅपटॉपवरून आधीच रेकॉर्ड केलेले व्हायोलिनचे थर आणि कोरस वाजवले. कानात तालाची क्लिक, मागून ट्रॅक. हल्ली सगळे करतात, मोठमोठ्या चर्चमधले बँडसुद्धा. मंचावर करा, माझी हरकत नाही. पण ‘लाइव्ह’ म्हणून विकायच्या अल्बममध्ये जो कोरस त्या रात्री कुणाच्या गळ्यातून निघालाच नाही तो नको. तो चॅनेल मी बंद केला. गाणी थोडी पोकळ झाली. त्या पोकळीत ३१, ३२ पुढे आले.

ख्रिस्ती लाइव्ह अल्बमचा आणखी एक रोग मला ठाऊक आहे आणि त्याची भीती वाटते. पेट्रासारख्या जुन्या बँडनी लाइव्ह अल्बम काढले ते एखाद्या टप्प्यावर. त्यांचा १९८६ चा अल्बम हा गायक ग्रेग व्होल्झचा निरोप होता. पुढे सिडनीच्या हिलसाँग या चर्चने १९९२ पासून वर्षामागून वर्षं आपल्याच मंडळीत लाइव्ह रेकॉर्डिंग करायला सुरुवात केली, आणि जगभर तीच रीत झाली. नवी गाणी आधी मंडळीत मुरतात, मग रेकॉर्ड होतात. यात शहाणपण आहे. पण एकदा का लोकांना ‘आज रेकॉर्डिंग आहे’ हे कळलं की ते वेगळे वागतात. हात जरा जास्त वर जातात. निवेदक सांगतो, ‘या ओळीला जोरात,’ आणि भक्तीची तालीम सुरू होते. भायखळ्याच्या त्या रात्री कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणून चॅनेल ३१ वर मध्येच एक मूल ‘मम्मी, शू’ म्हणतं, आणि रुळांवरून जाणारी लोकल हॉर्न देते, तोही नेमका बेसूर.

न सांगितल्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त अवघड.

सातव्या गाण्याच्या आधी एक बाई मंचावर आल्या. नवऱ्याची दारू, मार, मुलीला घेऊन बहिणीकडे काढलेले दिवस, मग हळूहळू सावरणं. चार मिनिटं बोलल्या. खाली कीबोर्ड अगदी हळू, चार कॉर्ड फिरत होते. हार्ड डिस्कवर याहून थरारक काही नाही. मी माझ्या कामात पुष्कळ नट ऐकलेत. असा आवाज कुणाला काढता येत नाही. बँडच्या पाचही जणांचं एकमत झालं ते फक्त याच गोष्टीवर: हे अल्बममध्ये हवं.

मी नाही म्हणालो.

‘मामा, मावशींना विचारलंय. त्या हो म्हणाल्या.’

म्हणणारच. चर्चच्या पोरांनी घरी येऊन, पाळकसाहेबांचं नाव घेऊन विचारलं तर आमच्याकडची कुठली मावशी नाही म्हणेल? त्यांनी होकार दिला होता तो समोर बसलेल्या तीनशे माणसांना, ज्यातली निम्मी त्यांना ओळखत होती. फोन असलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला नाही. आणि त्यांची मुलगी चौदा वर्षांची आहे. ती गोष्ट तिचीही आहे, तिला कुणी विचारलं? तिच्या वर्गातली पोरं लोकलमध्ये हेडफोन लावून तिच्या बापाबद्दल ऐकणार. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पण त्याशिवाय सातवं गाणं कळत नाही.’ बरोबर आहे. मग सातवं गाणंही जाऊ दे.

पाळकसाहेबांच्या प्रार्थनेचंही तेच. प्रार्थना सुंदर आहे, पण त्यात आजाऱ्यांची नावं आहेत, कुणाचं डायलिसिस, कुणाचं ऑपरेशन, आडनावांसकट. मंडळीत ती माया असते, बाहेर गेली की चव्हाटा होतो. शिवाय त्या आवारात बसलेला प्रत्येक जण ख्रिस्ती नव्हता. कुणी शेजारी म्हणून, कुणी मित्रासोबत, कुणी घरी न सांगता आलेला असतो. सध्याचे दिवस पाहता गर्दीतल्या एखाद्याचा आवाज त्याच्या नावासकट बाहेर जाऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी. कायदा सांगो वा न सांगो.

कायद्याचं बाकी सोपं आहे. टिळक १९१९ साली गेले. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे शब्द मोकळे आहेत. दोन गाणी परदेशी वर्शिप (उपासनेच्या) गाण्यांची भाषांतरं आहेत. ती चर्चमध्ये म्हणायला चालली, अल्बमवर विकायला मूळ मालकांची परवानगी लागेल. ती मागण्यात वेळ घालवण्यापेक्षा गाळलेली बरी, कारण त्या दोन्हीत बँड दुसऱ्या कुणासारखा होण्याची धडपड करतोय. पैसे स्ट्रीमिंगमधून येणार नाहीत. आले तर वडापावचे येतील.

राहिलं शेवटचं गाणं.

उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, हे मुंबईतल्या प्रत्येक आयोजकाला २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपासून पाठ आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण नाताळच्या आधीचा साधा शनिवार कोण त्यात घालणार? या शहराने शांततेपायी अख्खं रंगभवन गमावलंय. धोबी तलावचं ते खुलं नाट्यगृह. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा. आजूबाजूला कॉलेज आणि हॉस्पिटलं, शांतता क्षेत्र लागू झालं आणि कार्यक्रम बंद पडले. हॉस्पिटलातल्या रुग्णाला झोप हवी, हे मला मान्य आहे. पण तिथे ऐकलेल्या रात्रींमधलं माझ्याकडे आज काय आहे? काहीच नाही. कुठल्या बँडने कसं वाजवलं हे मी पोरांना सांगतो तेव्हा ती सभ्यपणे ऐकून घेतात. अल्बम काढावा या बाजूला माझं मन झुकायचं हेही एक कारण आहे.

तर, शेवटचं गाणं सुरू झालं दहाला पाच कमी असताना. पोरांनी बोलण्यात वेळ घालवला होता. दहाच्या ठोक्याला आयोजकांनी स्पीकर बंद केले. फाटकापाशी हवालदार घड्याळ दाखवत उभे होते, अगदी सौजन्याने. मिक्सर मात्र चालूच होता आणि लॅपटॉप रेकॉर्ड करत होता. हेडफोनवर तो क्षण विलक्षण ऐकू येतो. गिटारवाल्याने हात काढून घेतला, बास गेला, भाचा माइकपासून दूर मंचाच्या कडेला गेला. एक ते तीस जवळजवळ रिकामे. आणि ३१, ३२ वर तीनशे माणसं गात राहिली, ड्रमर काड्यांनी नुसत्या कडेवर ठेका देत राहिला. चाल आपोआप महिला मंडळाच्या गतीला आली, कारण आता त्यांना अडवायला कुणी नव्हतं. तीन मिनिटं. मध्ये कुणीतरी हवालदारांना चहा विचारतं, तेही आहे.

भाच्याला तिथे अकूस्टिक गिटार भरायची आहे. ‘फार उघडं वाटतंय, मामा.’ मी ते काम घेणार नाही म्हणून सांगितलंय. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं असेल तर हार्ड डिस्क घेऊन जा.

माझं मत मी बँडला कळवलं. अल्बम काढा. अकरा गाण्यांचा नको, सहांचा काढा, साधारण चाळीस मिनिटांचा. साक्ष नाही, प्रार्थना नाही, भाषांतरं नाहीत, लॅपटॉपचा कोरस नाही, उसनी गर्दी नाही. चुका जशा आहेत तशा. बँडच्या नावाखाली चर्चच्या मंडळीचंही नाव घाला, कारण अल्बमवर सगळ्यात जास्त वेळ तीच गाते. आणि पुढच्या वर्षी दुसरा काढू नका.

पाळकसाहेब जरा नाराज आहेत. कीबोर्डवाली हो म्हणालीय. भाचा शेवटच्या गाण्यासाठी अजून घासाघीस करतोय. पाचांपैकी एकाचाही नकार असला तर थांबायचं असं त्यांचं आपसात ठरलंय, आणि ते मला योग्य वाटतं. शेवटी त्या रात्री हात त्यांचे होते. म्हणून ड्रमरला मी घरी बोलावलं आणि तिसरं गाणं ३१, ३२ मोठे करून ऐकवलं. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. मग म्हणाला, ‘हे राहू द्या. चौथं काढा.’

चौथ्यात त्याचं काय बिनसलंय ते मला अजून सापडलेलं नाही.